चाकाची धांव

गेल्या दिवाळींत मी राळेगांवीं गेलों असतां माझा भाचा पुण्याहून आपली नवी मोटार घेऊन तेथें आला. ही मोटार म्हणजे दोनच माणसें बसूं शकतील अशी, जमिनीला जवळजवळ टेकलेली आणि वाऱ्याशीं शर्यत लावण्याकरितांच घडविलेली. पण वारा वेगळा आणि आमच्या तालुक्यांतील रस्ते वेगळे. गांव दोन-तीन कोसांवर राहिलें असतां डावें पुढचें चाक खळग्यांत आदळलें व त्याची कड वाकली. पुढचे दोन दिवस घरांत दुसरें बोलणें नव्हतें. नागपूरच्या एका दुकानदारानें कळविलें, "पंधरा इंची चाकें सध्यां नाहींत, सतरा इंची चारही घ्या, दिसतीलही झोकदार. टायर २०५/५० चा तयार आहे." भाच्यानें तो आंकडा माझ्यापुढें टाकला व म्हणाला, "मामा, तुम्ही प्रोफेसर आहांत, सांगा, घेऊं कीं नको?"

मी इतिहासाचा अध्यापक. मोटारीचें शास्त्र मला येत नाहीं. परंतु तो प्रश्न कानीं पडतांच मला वाटलें कीं हा तर मीं याच अंगणांत पूर्वीं ऐकलेला आहे. त्या वेळीं तो लोहारानें विचारला होता व चाक बैलगाडीचें होतें.

आधीं त्या आंकड्यांचा अर्थ पाहूं. टायरच्या अंगावर १९५/५५ आर १५ असें लिहिलेलें असतें, त्यांतील १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत; ५५ म्हणजे रबराच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ५५; आर हें आंतील दोऱ्यांच्या विणीचें चिन्ह; आणि १५ हा धातूच्या चाकाचा व्यास इंचांत. एका वाक्यांत मिलिमीटर, शेंकडेवारी व इंच अशीं तीन मापें एकत्र नांदतात, हें पाहून आमच्या पायली-शेर-मणाच्या जुन्या कोष्टकांना कोणी हंसूं नये! आतां हिशेब. भिंत १०७ मिलिमीटर. ती वर एकदां व खालीं एकदां धरून, त्यांत पंधरा इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळविले म्हणजे चाकाची एकंदर उंची ५९५ च्या वर भरते. दुकानदाराच्या २०५/५० आर १७ ची उंची निघते ६३७, म्हणजे शेंकडा सातनें अधिक. मोटारीचें वेगमापक यंत्र चाकाचे फेरे मोजतें, चाक केवढें हें त्याला ठाऊक नसतें. तें १०० दाखवील तेव्हां गाडी १०७ नें धांवत असेल. शिवाय वळण घेतांना रबर वरच्या पत्र्याला घासेल तें निराळेंच. त्याऐवजीं २०५/४० आर १७ घेतला तर उंची पुन्हा ५९६ च्या आंत येते व हिशेब जुळतो. धातू दोन इंच वाढला, तर रबर तेवढें घटलें पाहिजे. बाहेरचा घेर मात्र ढळतां कामा नये.

हा जो बाहेरचा घेर, त्यालाच आमच्याकडे फार जुनें नांव आहे: धांव. लांकडी चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्टीला मराठींत धांव म्हणतात. धांवणें आणि धांव यांचें नातें व्याकरणकारांनीं ठरवावें. पण ज्यानें ही पट्टी नसलेली गाडी ओढतांना बैल पाहिले असतील, त्याला तें ठरविण्याची गरज पडणार नाहीं.

आपल्या प्रांतांत गाडीचें चाक फार पुरातन आहे. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ सालीं कांशाचीं जीं शिल्पें सांपडलीं, त्यांत बैलजोडी जुंपलेला एक रथ असून त्याचीं चाकें भरीव आहेत. त्यांचा काळ विद्वानांत वादाचा असला, तरी तीं सामान्यतः हजारों वर्षांपूर्वींचीं मानलीं जातात. आश्चर्य हें कीं, इतक्या दीर्घ वारशानंतरही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दख्खनच्या कांहीं भागांत दगडी चाकांच्या गाड्या चालत होत्या व त्या ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या लागत. माल बहुधा लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. गाडी शेतापासून खळ्यापर्यंतची. १८३६ च्या सुमारास जमीन-मोजणीच्या कामावरील लेफ्टनंट गेसफर्ड यानें सोलापूर जिल्ह्यांत टेंभुर्णीस कारखाना घालून एका जोडीनें ओढतां येईल अशी सुधारलेली गाडी बनविण्यास आरंभ केला. राज्यें गेलीं आणि आलीं हें आमच्या पाठ्यपुस्तकांत सविस्तर असतें. या गाडीला मात्र तेथें जागा नाहीं. शेतकऱ्याच्या दृष्टीनें कोणती घटना मोठी, हें मी वर्गांत विचारतों तेव्हां मुलें गोंधळून माझ्याकडे पाहतात.

वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत गेला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी माजली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीला अकस्मात् सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. राळेगांवच्या बाजूचा कापूस वर्धा नदी उतरून पलीकडे हिंगणघाटाकडे जाई. त्या गांवाच्या नांवानेंच कापसाची एक जात विलायतेंत ओळखली जात असे. जिल्ह्याचें नांव त्या काळीं वणी होतें, तें १९०५ सालीं यवतमाळ झालें. आगगाडी, जिनें, दलाल यांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु शेत आणि स्टेशन यांच्या मधला जो चिखलाचा आणि धुळीचा टप्पा, तो ओलांडला आमच्या बंडीनें, सुताराच्या आणि लोहाराच्या भरंवशावर.

काळ्या मातीचा स्वभाव विचित्र. पावसांत ती चाकाला लोण्यासारखी चिकटते, आणि हिवाळ्यांत वाळली कीं चाकांनीं पाडलेले खोल चर दगडासारखे होऊन बसतात. या चरालाच चाकोरी म्हणतात. ज्या बंडीच्या दोन चाकांमधील अंतर गांवच्या इतर बंड्यांहून वेगळें, तिचें एक चाक चाकोरींत व दुसरें उंचवट्यावर चालावयाचें. तेव्हां हें अंतर पंचक्रोशींत एकच ठेवावें लागे. चाकोरीबद्ध हा शब्द आम्ही लेखकमंडळी निंदार्थी वापरतों. ज्यानें भरली बंडी हांकली आहे त्याला तो तसा वाटत नसावा.

आतां धांव चढविण्याची रीत. ती मीं १९८० च्या सुमारास, आठ-दहा वर्षांचा असतांना, अनेकदां पाहिली. मधला तुंबा, त्यांत बसविलेले बारा आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर परिघाचे सहा वांकडे तुकडे, म्हणजे पुठ्या. असें चाक सुतार तयार करी. पुठ्यांच्या सांध्यांत तो मुद्दाम किंचित् फट ठेवी. मग लोहार चाकाभोंवतीं दोरी फिरवून घेर घेई आणि लोखंडी पट्टीचें कडें त्याहून थोडें लहान जोडी. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर साडेबारा फुटांच्या किंचित् वर भरतो. गोवऱ्यांच्या आगींत कडें लालभडक झालें कीं तें दीड इंचाच्या आसपास वाढतें. तेवढ्या अवधींत तें सांडशींनीं उचलून चाकावर बसवावयाचें, घणानें ठोकावयाचें आणि लगेच घागरींनीं पाणी ओतावयाचें. लांकूड पेट घेई, वाफ उसळे, आणि निवतां निवतां लोखंड आंवळूं लागलें कीं पुठ्यांच्या फटी मिटत व सारें चाक कडकड आवाज करी. आम्हां पोरांना तो आवाज फार आवडे.

कडें मोठें झालें तर उन्हाळ्यांत लांकूड सुकून धांव वाटेंत गळून पडते. म्हणून तर वैशाखांत चाकें नदीच्या डोहांत बुडवून ठेवीत. कडें फार लहान झालें तर तें वाईट, कारण दोष दिसत नाहीं. फटी मिटूनही लोखंडाची ओढ उरते, ती आऱ्यांवर येते, आणि चाक आंतून ताणलेलें राहतें. आमचा म्हातारा लोहार म्हणे, "चाक सांगन तेवढीच धाव घ्याची, आपल्या मनानं नाई."

या वाक्याचें मोल माझ्या मामांना फार जबर द्यावें लागलें. मामा शंकरपटाचे शौकीन होते. विदर्भाबाहेरच्या वाचकांकरितां सांगावयाचें तर शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. तिची गाडी हलकी, धुरकऱ्यापुरती जागा असलेली. आजच्या भाच्याच्या मोटारीची आजीच म्हणा ना. पटाच्या आधीं आठवडाभर मामांच्या छकड्याचें एक चाक आऱ्यांतून खिळखिळें झालें. नेहमींचा म्हातारा आजारी होता. दुसऱ्या गांवच्या एका कारागिराकडून घाईनें नवें चाक करवून आणलें. तें जुन्याहून व्यासानें दोन बोटें कमी होतें. मोटारींत एका आंसावरचीं दोन चाकें लहानमोठीं असलीं तर आंतील दंतचक्रांना क्षणभर विसांवा मिळत नाहीं. छकड्यांत चाकें आपापलीं स्वतंत्र फिरतात, म्हणून तेवढ्यानें तो वांकडा जात नाहीं, फक्त एका अंगाला कलतो. मामांनीं तें पाहिलें आणि चालेल म्हटलें. धांव मात्र घट्ट होती. इतकी घट्ट कीं पाहणारे वाहवा करीत होते.

पटांत निम्मी वाट झाली नाहीं तोंच एका उंचवट्यावर तें चाक छत्रीसारखें उलटलें. छकडा जमिनीला भिडला, जूं एका बाजूला ओढलें गेलें आणि डावा बैल पडला. त्याचा पुढचा पाय मोडला होता. मामा स्वतः थोडक्यांत वांचले. ती रात्र ते त्याच्याजवळ बसून राहिले. सकाळीं मला तिकडे जाऊं दिलें नाहीं. त्या वर्षीं पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदशेकणीला आमच्या गोठ्यांत एकाच बैलाच्या मानेला हळद-लोणी लागलें. मामा पुन्हा कधीं पटाला गेले नाहींत. २०१४ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरांत त्यांस परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें राज्याचा कायदा उचलून धरला. या तिन्ही वेळीं गांवांत मोठ्या चर्चा झाल्या, पण आमच्या घरांत कोणी शब्द काढला नाहीं. जनावराचे हाल आणि गांवाचा उत्साह यांचा निवाडा मी करूं शकत नाहीं. मला बैलाचें नांव आठवतें.

हवेचा टायर या साऱ्याच्या मागून आला. रॉबर्ट टॉमसन यानें १८४५ सालींच तसें पेटंट घेतलें होतें, पण तें विसरलें गेलें; १८८८ सालीं बेलफास्टच्या डन्लॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तें पुन्हा शोधलें. आमच्या देशांत १९३६ सालीं बंगाल्यांत साहागंज येथें त्याच नांवाचा कारखाना निघाला. टायरची बंडी मऊ चालते, दुप्पट ओझें नेते. परंतु चार फुटी चाक काढून तेथें मोटारीचें सव्वादोन फुटी चाक लावलें कीं आंस जवळजवळ फूटभर खालीं येतो. दांडीची ठेवण तशीच राहिली तर ती मानेकडे चढती होते, ओझ्याचा तोल बदलतो आणि जुंवाखालीं बैलाचा खांदा येतो. हा दोष सुतारांनीं साटा उचलून पुढें दूर केला. तोंपर्यंत कित्येक खांदे सुजले असतील.

भाच्याला मीं एवढेंच सांगितलें कीं घेर जुना ठेव. आणि राळेगांवास यावयाचें असेल तर पंधरा इंचीच शोध, कारण सतरा इंचींत रबराची भिंत ८२ मिलिमीटरच उरते व पुढच्या खळग्यांत पुन्हा धातूच आदळेल. त्यानें अमरावतीहून पंधरा इंची मिळविलें.

चाक येईपर्यंत एक दुपार मोकळी होती. मामांनीं त्या मोडक्या चाकाचे तुकडे गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेवले होते; ते वारल्यावरही कोणीं सोडले नव्हते. भाच्यानें शिडी लावून ते उतरविले. सहाही पुठ्या अंगणांत एकमेकींना लावून मांडल्या, आणि त्यांच्या बाहेरच्या कडेनें दोरी फिरविली. मग तीच दोरी गंजलेल्या धांवेच्या आंतून फिरविली. अर्धा इंच फरक असावयास हवा होता. तो सव्वा इंच निघाला. भाच्यानें दोरीला गांठ मारली व पुन्हा एकदां मोजलें.