परत येणाऱ्या चालकाची पात्रता

कोणत्याहि धंद्यांत प्रथम पाऊल टाकण्याचे नियम बहुधा सर्वांस ठाऊक असतात. सोडलेल्या धंद्यांत परत येण्याचे नियम मात्र ज्याच्यावर तसा प्रसंग येतो त्यासच कळतात. आम्हां अध्यापकांनीं एकदां पदवी मिळविली कीं ती जन्मभर पुरते. मध्यें दहा वर्षें कोणी पुस्तकाचें पान उलटलें नाहीं तरी विद्यापीठ ती परत मागत नाहीं. परंतु ज्याच्या हातीं चव्वेचाळीस टनांची मालमोटार द्यावयाची, त्याची गोष्ट निराळी आहे. त्याची विद्या शिळी झाली कीं काय, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाहीं. त्या रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकाचा होतो. ब्रिटनच्या कायद्यानें ह्या प्रश्नास वेळोवेळीं जीं उत्तरें दिलीं, त्यांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाहीं. तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं कायद्यास चालकाच्या कौशल्याची मुळींच पर्वा नव्हती. त्यास भीति होती ती यंत्राची. १८६५ च्या कायद्यानें रस्त्यावरील वाफेच्या गाडीबरोबर तीन माणसें असलीं पाहिजेत व त्यांतील एकानें लाल निशाण घेऊन साठ यार्ड पुढें चाललें पाहिजे, असें ठरविलें होतें. पुढें १९०३ चा मोटार कायदा झाला व १९०४ च्या १ जानेवारीपासून चालकास परवाना घेणें आवश्यक झालें. परंतु हा परवाना म्हणजे पांच शिलिंगांची पावतीच होती. गाडी चालवितां येते कीं नाहीं, असें कोणीहि विचारीत नव्हतें. परवान्याचा हेतु चालकाची ओळख पटविण्याचा होता, त्याची पारख करण्याचा नव्हता.

पहिल्या महायुद्धानें हें चित्र बदललें. सैन्यांत हजारों तरुण मालमोटारी हांकावयास शिकले. युद्ध संपतांच सरकारनें आपल्या जास्तीच्या लॉऱ्या विकावयास काढल्या, व घरीं परतलेल्या अनेक शिपायांनीं त्या विकत घेऊन वाहतुकीचा धंदा थाटला. रणांगणावर मिळविलेली विद्या पोटाच्या कामीं आली हें खरें; पण स्पर्धा इतकी माजली कीं भाडें उतरत गेलें आणि चाकापाठीमागें बसण्याचे तास वाढत गेले. अखेर १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्यानें चालकाच्या कामाच्या तासांस मर्यादा घातली: सलग साडेपांच तासांहून अधिक नाहीं, व चोवीस तासांत एकंदर अकरा तासांहून अधिक नाहीं. १९३३ सालीं मालवाहतुकीच्या धंद्यासहि परवान्यांची चौकट बसविण्यांत आली. थकलेला चालक हा धोकादायक चालक होय, ही गोष्ट कायद्यानें प्रथम मान्य केली ती ह्या काळांत.

कौशल्याची परीक्षा आली ती १९३४ च्या कायद्यानें. १९३५ च्या १ जूनपासून ती सक्तीची झाली. फी साडेसात शिलिंग असे, आणि परीक्षेसाठीं इमारती नसल्यामुळें परीक्षक उमेदवारास एखाद्या बागेपाशीं किंवा रेल्वे स्टेशनाबाहेर गांठीत असे. अवजड मालमोटारींच्या चालकांकरितां स्वतंत्र परवानाहि ह्याच कायद्यानें निर्माण केला. परंतु त्यांत एक कलम असें होतें कीं त्यावर आमच्या ह्या सर्व कथेचा पाया आहे. ज्यांनीं १९३४ च्या १ एप्रिलपूर्वीं वाहन चालविण्यास आरंभ केला होता त्यांस ही परीक्षा माफ होती. त्यांचा हक्क जुना, म्हणून तो अबाधित. ह्यास पूर्वार्जित हक्क असें म्हणावें. नवा नियम नव्यांस लागावा, जुन्यांच्या ताटांतील घांस काढून घेऊं नये, ही न्यायबुद्धि त्याच्या मुळाशीं आहे. इनामें व वतनें ह्यांचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे त्यांस ही कल्पना परकी वाटणार नाहीं.

पुढें दुसरें महायुद्ध आलें. १९३९ च्या सप्टेंबरांत परीक्षा बंद झाल्या. अवजड वाहनांच्या चालकांचा स्वतंत्र परवानाहि युद्धकाळांत मागें पडला. १९४६ च्या नोव्हेंबरांत परीक्षा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हां युद्धांत शिकाऊ परवान्यावर गाड्या हांकणाऱ्या लोकांचें काय करावयाचें, असा प्रश्न पडला. १९४७ च्या फेब्रुवारींत त्यांस एक वर्षाची सवलत देण्यांत आली व परीक्षेवांचून पक्का परवाना मिळूं लागला. ज्यानें बाँबच्या वर्षावांत गाडी चालविली त्याची आणखी परीक्षा ती काय घ्यावयाची, असा ह्या सवलतीचा भाव दिसतो. नंतर १९५६ सालीं सुएझचें प्रकरण उद्भवलें, पेट्रोलची टंचाई झाली, आणि कांहीं महिने परीक्षा पुन्हा थांबल्या. परीक्षकांस पेट्रोलच्या वांटपाच्या कामास लावण्यांत आलें, आणि शिकाऊ चालकांस कोणी सोबत नसतांहि गाडी चालविण्याची मुभा मिळाली. अवजड वाहनांचा परवाना मात्र तब्बल तीन दशकांनीं, १९७० सालीं, परत आला. त्याहि वेळीं जे आधींपासून तीं वाहनें चालवीत होते त्यांस अनुभवाच्या दाखल्यावर तो मिळाला.

एवढ्या हकीकतीवरून एक नियम स्पष्ट दिसतो. अपघातांची भीति वाढली कीं पात्रतेची पायरी उंच होते. माणसांची टंचाई झाली कीं ती खालीं येते. आणि दोन्ही वेळां ज्याच्या पदरीं पूर्वीचा हक्क आहे तो सुखरूप राहतो.

ह्या अखेरच्या गोष्टीस तडा गेला तो एकविसाव्या शतकाच्या आरंभीं. युरोपीय संघानें २००३ सालीं एक निदेश काढून असें ठरविलें कीं, मालमोटार किंवा बस चालविण्याचा धंदा करणाऱ्यास परवान्याखेरीज व्यवसायपात्रतेचें प्रमाणपत्रहि पाहिजे. ब्रिटनमध्यें बसचालकांस हा नियम २००८ च्या १० सप्टेंबरापासून व मालमोटारीच्या चालकांस त्यानंतर एक वर्षानें लागू झाला. नवख्यांस चार परीक्षा द्याव्या लागूं लागल्या. जुन्या परवानेदारांचा पूर्वार्जित हक्क मान्य झाला खरा, पण अर्धाच: आरंभींच्या परीक्षा त्यांस माफ, मात्र दर पांच वर्षांत पस्तीस तासांचें शिक्षण त्यांनाहि चुकलें नाहीं. मालमोटारीच्या जुन्या चालकांची पहिली मुदत २०१४ च्या १० सप्टेंबरास संपली. हक्क एकदां मिळविला कीं तो कायमचा, ही कल्पना येथें संपली. कौशल्य ही जमिनीसारखी स्थावर मिळकत नव्हे, तें नांगराच्या फाळासारखें आहे, न वापरल्यास गंजतें, असें कायदा म्हणूं लागला.

तत्त्व म्हणून हें आम्हांस मान्य आहे. अडचण होती ती व्यवहारांत. ह्या पस्तीस तासांच्या शेवटीं परीक्षा नव्हती. वर्गांत बसावें, हजेरी लागावी, कार्ड मिळावें. ज्यानें तीस वर्षें अपघातावांचून गाडी हांकली आणि ज्यास आरसा कसा पाहावा हेंहि धड ठाऊक नाहीं, ते दोघेहि एकाच बांकावर बसून एकाच वेळीं उठत. शिवाय ह्या शिक्षणाचा खर्च मालकानें सोसावा कीं चालकानें, ह्याविषयीं कायदा मुका होता. ज्यास नोकरी आहे त्याचा खर्च पुष्कळदां मालक करी. पण जो आजारपणामुळें, मुलांच्या संगोपनासाठीं किंवा दुसऱ्या धंद्याच्या आशेनें बाहेर पडला होता, त्यास मालकच नव्हता. परत येऊं म्हणणाऱ्यापुढें आधीं पैसे, मग पांच दिवस, मग कार्ड, आणि मग काम, असा उलटा क्रम उभा राही.

ह्या उलट्या क्रमाची किंमत २०२१ सालीं साऱ्या देशास कळली. करोनाच्या सांथींत परीक्षा बंद राहिल्या होत्या. युरोपीय संघांतून ब्रिटन बाहेर पडल्यामुळें परदेशी चालकांचा ओघ आटला होता. वयस्क चालक निवृत्त होत होते. वाहतूकदारांच्या संघटनेनें सुमारें एक लक्ष चालकांची तूट सांगितली. सप्टेंबरांत पेट्रोलपंपांपुढें रांगा लागल्या व ऑक्टोबरांत इंधनाच्या गाड्या चालविण्यास सैनिक बोलवावे लागले. त्या वेळीं सरकारनें जवळजवळ दहा लक्ष परवानेदारांस पत्रें पाठवून धंद्यांत परत येण्याची विनंती केली. परवाना आहे पण गाडीवर नाहीं, असे लोक थोडेथोडके नाहींत, हें ह्या आंकड्यावरूनच उघड होतें. इतिहासाचा जुना नियमहि पुन्हा खरा ठरला: नोव्हेंबरांत परीक्षेच्या पायऱ्या कमी करण्यांत आल्या आणि साध्या मालमोटारीची परीक्षा न देतां एकदम जोडगाडीची परीक्षा देण्याची मोकळीक मिळाली.

घाईचे दिवस सरल्यावर शांतपणें विचार झाला, हें मात्र नवें होतें. २०२३ सालीं लोकांचीं मतें मागविण्यांत आलीं व २०२४ च्या ३ डिसेंबरापासून प्रमाणपत्राचे दोन प्रकार झाले. एक आंतरराष्ट्रीय, युरोपांत जाणाऱ्यांसाठीं. दुसरें राष्ट्रीय, केवळ देशांत गाडी चालविणाऱ्यांसाठीं. राष्ट्रीय प्रकारांत शिक्षणाचे साडेतीन तासांचे लहान भाग पाडतां येऊं लागले व कांहीं तास घरबसल्या पुरे करण्याची सोय झाली. ज्याच्या कार्डाची मुदत संपून गेली आहे अशा चालकासाठीं ठराविक अटींवर सात तासांचा पुनरागमनाचा वर्ग ठेवण्यांत आला. तो पुरा करून त्यानें गाडीवर बसावें, आणि उरलेले अठ्ठावीस तास पुढील वर्षभरांत भरावे. म्हणजे आधीं काम व त्याबरोबर शिक्षण, असा क्रम सुलट झाला. कमाई सुरू झाल्यावर शिकण्याचा खर्च तितका जड जात नाहीं, ही साधी गोष्ट कायद्यास उमगावयास पंधरा वर्षें लागलीं.

आमच्या मतें ही सुधारणा योग्य आहे, पण पुरेशी नाहीं. परत येणाऱ्याची विद्या किती उरली आहे, हें घड्याळानें मोजतां येत नाहीं. पांच वर्षें दूर राहिलेल्या चालकाचा हात बहुधा शाबूत असतो. बदललेले असतात ते नियम, गाडीचीं यंत्रें आणि त्याचे स्वतःचे डोळे व कान. कोणास दोन तास पुरतील, कोणास तीस लागतील. एखाद्या जाणत्या चालकानें त्यास शेजारीं बसवून अर्धा दिवस गाडी चालवावयास लावली, तर वर्गांतील हजेरीहून अधिक उलगडा होईल. आपल्याकडील कायदा ह्या बाबतींत उलट टोंकास आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तींत परवान्याची मुदत संपून एक वर्ष लोटल्यास पुन्हा परीक्षा द्यावी, असें ठरलें. तेथें तास आहेत, परीक्षा नाहीं. येथें परीक्षा आहे, तास नाहींत. शहाणपण ह्या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी आहे.

आणि पात्रतेचा दरवाजा कितीहि रुंद केला, तरी आंतलें घर राहण्याजोगें नसेल तर माणूस फिरून येत नाहीं. ज्या चालकांनीं धंदा सोडला त्यांच्या तक्रारी कार्डापुरत्या कधींच नव्हत्या. रात्रीं गाडी उभी करावयास सुरक्षित जागा नाहीं, मालाच्या गोदामापाशीं तासन्‌तास खोळंबा, शौचालयाची गैरसोय, आणि आठवड्यांतून चार रात्री घराबाहेर. ह्या गोष्टी सात तासांच्या वर्गानें सुटणाऱ्या नाहींत. १९३० च्या कायद्यानें चालकाच्या थकव्याची दखल घेतली, म्हणून तो कायदा आम्हांस ह्या साऱ्या मालिकेंत थोर वाटतो. त्यानें चालक काय जाणतो एवढेंच विचारलें नाहीं. तो कसा जगतो हेंहि विचारलें. परत या, असें पत्र दहा लक्ष घरीं धाडण्यापूर्वीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तयार ठेवावें, हें कोणत्याहि सरकारास श्रेयस्कर होय.