पात्रता आणि क्रम : व्यवस्थापनशिक्षणातील प्रवेशाची भाषा

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीस मिळणारा प्रवेश हा विषय सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार भाषेच्या अंगाने, व भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या गावाच्या दृष्टीने करावयाचा आहे.

प्रथम अंतराचा प्रश्न घेऊ. मुंबईस १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा भंडारा जिल्हा मध्यप्रांतात होता. वाणिज्यशिक्षणाचे हे द्वार परप्रांतातले होते. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले. जमनालाल बजाज यांच्या शिक्षा मंडळाने १९४० मध्ये वर्ध्यास व १९४५ मध्ये नागपुरास गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढले. १९६५ साली मुंबई विद्यापीठात बजाजांच्याच नावाची व्यवस्थापनसंस्था स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उभी राहिली, आणि २०१५ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था नागपुरात आली. शतकभरात द्वार एकोडीच्या जवळ आले, हे निर्विवाद होय. उंबरठा मात्र खाली आला काय, हा प्रश्न निराळा आहे.

या प्रश्नाचा उलगडा विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून होऊ लागतो. ‘प्रवेश मिळाला’ आणि ‘नंबर लागला’ हे प्रयोग आज समानार्थी म्हणून योजिले जातात. परंतु त्यांच्या मुळाशी दोन भिन्न व्यवस्था आहेत. पहिल्यात विद्यार्थी हा घेणारा आहे. ठरलेली अट पुरी केली म्हणून त्याला काही मिळते. दुसऱ्यात कर्ता ‘नंबर’ आहे व विद्यार्थी षष्ठीत गेला आहे : ‘त्याचा नंबर लागला’. पात्रतेत उमेदवार एका स्थिर रेषेशी ताडून पाहिला जातो, क्रमात इतर सर्व उमेदवारांशी. पात्रतेच्या व्यवस्थेत कच्चे इंग्रजी कसेबसे निभावून जाते. क्रमाच्या व्यवस्थेत एका गुणानेही स्थान ढळते.

राज्याच्या व्यवस्थापन प्रवेशपरीक्षेची अलीकडील रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. २०० प्रश्न, १५० मिनिटे. त्यांपैकी ५० प्रश्न उघडपणे इंग्रजीचे. उरलेले १५० तर्काचे व गणिताचे. पण तेही इंग्रजीतूनच वाचावयाचे. प्रत्येक प्रश्नास पाऊण मिनिट मिळते. ज्याच्या घरी झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी व परीक्षेत इंग्रजी, त्याचा या पाऊण मिनिटातील काही भाग वाक्य उलगडण्यात खर्च होतो. तर्क तोच, गणित तेच. क्रम मात्र मागे पडतो. म्हणजे वेगाच्या नावाखाली भाषेचीच परीक्षा दुसऱ्यांदा होते.

व्यवस्थापनाचा व्यवहार इंग्रजीत चालतो, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः रास्त आहे, आणि म्हणूनच ते ५० प्रश्न समर्थनीय ठरतात. परंतु उरलेल्या १५० प्रश्नांना तो लागू पडत नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून व अभियांत्रिकीची ‘जेईई मुख्य’ २०२१ पासून मराठीतूनही देता येते. या दोन्ही शाखांचे अध्यापनही प्रायः इंग्रजीतूनच चालते. तेव्हा अडचण शास्त्राची नसून रूढीची आहे, असे म्हणावे लागते.

तर्क व गणित यांचे प्रश्न मराठीतही छापावेत आणि इंग्रजीची कसोटी इंग्रजीच्या विभागापुरती ठेवावी. तसे झाले तर एकोडीच्या विद्यार्थ्याचा क्रम त्याच्या बुद्धीवरून ठरेल. द्वार जवळ आणण्यास एक शतक लागले. उंबरठा उतरविण्यास एक प्रश्नपत्रिका पुरेशी आहे.