गाढवांचा महिना

डिसेंबरच्या मध्यावर रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या मराठी घरात धुंधुरमास सुरू होतो. दिवस उजाडायच्या आत मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. त्याच दिवसापासून शेजारच्या काकींकडे 'खरमास' लागतो आणि शहरातल्या लग्नांचे बँड संक्रांतीपर्यंत गप्प होतात. महिना एकच, सूर्य धनु राशीत असतो तेवढा. आम्ही तो जेवून साजरा करतो, त्या पाळून.

काकींची गोष्ट अशी: सूर्याचे सात घोडे दमले, तहानले. त्याने त्यांना तळ्याकाठी सोडलं आणि तिथेच उभे असलेले दोन खर, म्हणजे गाढवं, रथाला जुंपली. रथ महिनाभर रखडत चालला, म्हणून खरमास.

मी पंचांग काढून दिवस मोजले आणि थक्क झालो. सूर्यसिद्धान्ताच्या हिशोबाने धनूचा महिना वर्षातला सगळ्यात आखूड, २९ दिवस आणि साधारण आठ तास. सगळ्यात लांब मिथुनाचा, ३१ दिवस आणि वर पंधरा तास. म्हणजे गोष्टीत रथ रखडतो त्या महिन्यात तो खरं तर सगळ्यात भरधाव असतो! जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, म्हणून वेगात. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, म्हणून सावकाश. केप्लरच्या कितीतरी आधी आपल्या ज्योतिष्यांनी या मंद जागेला नाव दिलं होतं, मंदोच्च. सूर्याचं मंदोच्च त्यांनी मिथुनातच मांडलं आहे. गाढवं जुंपायचीच, तर ती आषाढाच्या पावसात जुंपायला हवी होती.

मग 'खर' आला कुठून? माझं मत ठाम आहे: हा खर गाढव नव्हे. संस्कृतात खर म्हणजे कठोर, तीक्ष्णही. प्रखर, खरांशु यांतला तोच. शुभकार्याला कठोर तो खरमास. ज्योतिषी सांगतात की धनु आणि मीन ही गुरूची घरं, तिथे सूर्य असताना लग्नं नकोत. मार्च-एप्रिलमध्ये दुसरा खरमास येतो तो त्यामुळेच. गाढवांच्या गोष्टीला या दुसऱ्या महिन्याचा हिशोब लागत नाही, कारण मीनेचा महिना लांबही नाही नि आखूडही नाही. शब्दाचा जुना अर्थ विसरला गेला आणि मग गाढवं आली, असा माझा तर्क.

महिन्यांच्या लांबीवर रचलेली अशीच एक रोमची कथा एका दमात सांगतो. ऑगस्टसने आपल्या महिन्यासाठी फेब्रुवारीचा दिवस पळवला, असं शाळेत ऐकवतात. ती तेराव्या शतकातली रचलेली गोष्ट आहे. ज्युलियस सीझरने ३५५ दिवसांच्या वर्षात दहा दिवस वाटले तेव्हाच तो महिना ३१ चा झाला होता. सीझरने सूर्याची गती पाहून दिवस वाटले म्हणावं, तर ऐन वेगाच्या डिसेंबर-जानेवारीलाही त्याने प्रत्येकी दोन दिले!

सूर्याची गती खरोखर पाहून महिने आखले ते आपल्याकडे. १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात पुण्याचे ज. स. करंदीकर होते आणि नागपूरचे के. ल. दप्तरीही. तेव्हा आम्हा रायपूरकरांची राजधानी नागपूरच होती, म्हणून दप्तरींचं नाव वाचून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. २२ मार्च १९५७ ला, १ चैत्र शके १८७९ म्हणून, समितीने आखलेली दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात वैशाख ते भाद्रपद ओळीने ३१ चे, आश्विन ते फाल्गुन ३० चे. चैत्रही ३० चा, लीप वर्षी ३१. पाच लांब महिन्यांच्या बरोबर मधोमध आषाढ बसतो, २२ जून ते २२ जुलै, आणि सर्वांत मंद सूर्य त्याच्याच पोटात. इंग्रजी महिन्यांसारखे मुठीच्या गाठींवर हे महिने मोजता येत नाहीत, आकाशावर येतात.

काकींना हे सांगितलं तेव्हा त्या तीळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बेटा, वेगात होता ना, म्हणून तर घोडे दमले."