जुना मदरबोर्ड, नवे ग्राफिक्स कार्ड : सुसंगतीचा इतिहास

लोणंद हे पुणे-मिरज लोहमार्गावरील सातारा जिल्ह्यातील स्थानक होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातलेला हा मार्ग मीटरगेज, म्हणजे १००० मिलिमीटर रुंदीचा होता. मुंबई-पुणे मार्ग मात्र १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज. त्यामुळे लोणंदचा कांदा रेल्वेने मुंबईस न्यावयाचा तर पुण्यास तो एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरणे अटळ असे. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी रुंदीकरण झाल्यावर ही अडचण सरली. परंतु मीटरगेजची इंजिने व डबे त्या मार्गावर निरुपयोगी ठरले. दोन साधनांची मापे जुळत नसतील, तर त्या विसंगतीची किंमत वापरणाऱ्याच्या माथी पडते. संगणकातील ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

इंटेलने १९९६ मध्ये एजीपी हे मानक जाहीर केले. तोवर चित्रदर्शनाचे कार्ड इतर कार्डांबरोबर पीसीआयच्या सामायिक मार्गावर बसे. एजीपीने त्यास स्वतंत्र मार्ग दिला. तथापि पहिल्या आवृत्तीतील संकेतांचा विद्युतदाब ३.३ व्होल्ट होता, १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत तो १.५ व्होल्टवर आला आणि २००२च्या तिसऱ्या आवृत्तीत ०.८ व्होल्टवर. स्लॉटची लांबी तीच राहिली. चुकीचे कार्ड बसू नये म्हणून कार्डास खाच व स्लॉटमध्ये तिला जुळणारा अडसर ठेवण्यात आला. योजना चोख होती, पण तिचे पालन सर्वत्र झाले नाही. काही जुन्या कार्डांना १.५ व्होल्टच्या स्लॉटमध्ये बसेल अशी खाच होती, प्रत्यक्षात ती ३.३ व्होल्टवरच चालत. अशा कार्डाने नवा मदरबोर्ड जळण्याचा धोका होता. केवळ खाच जुळते म्हणून कार्ड चालेल, हे गृहीतक येथे फोल ठरले.

२००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेसचे मदरबोर्ड बाजारात आले आणि खरा विच्छेद घडला. एजीपीचे कार्ड नव्या स्लॉटमध्ये बसूच शकत नव्हते. २००३ मध्ये संगणक विकत घेणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेला पुढे केवळ कार्ड बदलून भागले नसते. नव्या मानकाचे कार्ड हवे तर मदरबोर्ड बदलणे आले, आणि त्यासोबत बहुधा प्रोसेसर व मेमरीही. संक्रमणकाळात सेतू-चिप लावलेली कार्डे निघाली. काही मदरबोर्डांवर दोन्ही स्लॉट होते. मिरजेस एकेकाळी तीन मापांचे रूळ एकत्र येत, त्याची येथे आठवण होते.

पीसीआय एक्स्प्रेसने मात्र पूर्वीची चूक टाळली. २००७, २०१०, २०१७ आणि २०१९च्या आवृत्त्यांत वेग दर वेळी सुमारे दुप्पट झाला, पण स्लॉटचा आकार तोच राहिला. कार्ड व मदरबोर्ड परस्परांशी बोलणी करून दोघांना पेलेल असा वेग ठरवतात. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये मंदावते, पण सहसा अडत नाही.

तरीही अडचण पुरती मिटलेली नाही. ती स्लॉटमधून आज्ञावलीत सरकली आहे. यूईएफआय येण्यापूर्वीच्या काही मदरबोर्डांवर नवे कार्ड बसते, परंतु पडदा उजळत नाही. उलट, जुन्या बायोसचा आधार नसलेला नवा मदरबोर्ड जुन्या कार्डास सुरुवातीस ओळखत नाही. स्लॉट कमाल ७५ वॅट वीज पुरवतो. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डास स्वतंत्र तारेने वीजपुरवठा द्यावा लागतो, आणि जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये ती तार अनेकदा नसते.