घोड्याच्या मानेतलं पाणी

तंजावरच्या राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या घराच्या मागच्या पडवीत हा स्टुडिओ आहे. घर तंजावरी मराठ्यांचं. भोसल्यांचं राज्य 1855 साली खालसा झालं, घरातली मराठी टिकली. काम मात्र अस्सल तमिळ : नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या कोलूसाठी मातीच्या बाहुल्या, आणि यंदा एका गिऱ्हाइकाच्या हौसेखातर अय्यनार या ग्रामरक्षक देवाचा अडीच फुटी घोडा.

मंगळवार, सकाळी 7 (स्फोटाला 36 तास)
हाताखालचा मुलगा जिला अक्का म्हणतो, ती घोड्याच्या पोटाला गाल लावून बघते. माती गार लागली म्हणजे आत अजून पाणी आहे. पोट कोरडं, पाय कोरडे. मान किंचित गार.
डोकं जोडताना मान झुकायला लागली होती, तेव्हा आतून चिखल थापून तिला सावरलं होतं. बाकी अंगाची जाडी बोटभर, मानेची चार बोटं. माझ्या मते घोडा फुटला तो त्याच दिवशी. पुढचे तास नुसते हिशेबाचे.

मंगळवार, सायंकाळी 5 (26 तास)
दिवसभर ढग. कावेरीच्या खोऱ्यात या दिवसांत कपडे वाळत नाहीत, तिथे मातीची काय कथा.
“अक्का, अजून दोन दिवस ठेवूया का?”
“आणि कोलूत काय मांडतील ते, माझं डोकं?”
घोडा भट्टीत जातो. रिकामी जागा कशाला वाया घालवायची म्हणून त्याच्याभोवती लहान बाहुल्याही रचल्या जातात. विजेचं बिल वाचवण्याच्या नादात एकाच्या दुखण्यात सगळ्यांना ओढायचा हा राजमार्ग.

बुधवार, सकाळी 8 (11 तास)
भट्टी चालू. दार बोटभर उघडं, वाफ जायला.

बुधवार, सकाळी 11 (8 तास)
काटा 70 अंशांवर. मुलगा वरच्या भोकाशी हातआरसा धरतो. आरशावर दाट धुकं. अजून पाणी निघतंय.

बुधवार, दुपारी 3 (4 तास)
काटा 90 वर, दोन तासांपासून तिथेच रोखलेला. आरसा धरला, स्वच्छ. पुन्हा पुसून धरला, तरी स्वच्छ.
आरसा खोटं बोलत नाही, पण सांगतो ते भट्टीतल्या हवेचं. बाहुल्या वाळल्या, घोड्याची पाठ वाळली. मानेच्या गाभ्यातलं पाणी चार बोटं मातीतून वाट काढत यायचं, आणि ती वाट बाहेरून आधीच सुकून आवळलेली. अशा जाड कामाला रात्रभर नव्वदच्या आत ठेवावं लागतं. अक्काला हे ठाऊक आहे. ती दार लावून घेते.

बुधवार, सायंकाळी 6.30 (20 मिनिटं)
काटा 180. आता मानेचा गाभा शंभरी गाठतोय.
अशा वेळी हवेचा बुडबुडा फुटतो, असं कुणीही छातीठोक सांगेल. हवा बिचारी निर्दोष आहे. इतक्या उष्णतेला ती फुगून फुगून दीडपट होते. पाण्याची वाफ झाली की ते साधारण 1700 पट जागा मागतं. गावाकडचे वेळार कुंभार चिखलात वाळू आणि भाताचा तूस कालवतात आणि घोड्याचं अंग नळ्यांसारखं पोकळ घडवतात, ते उगाच नव्हे. त्यामुळे माती सच्छिद्र राहते, वाफेला वाट मिळते.

बुधवार, सायंकाळी 6.50
धप्प. मग किणकिणाट. मुलगा अक्काकडे बघतो, अक्का काट्याकडे. थोड्या वेळानं आणखी एक, बारीक. कच्च्या मातीचे तुकडे तापलेल्या तारांवर पडले असतील तर ताराही जायच्या. ती बटण बंद करते.

गुरुवार, सकाळी 9
दार उघडतं. घोडा चारही पायांवर ताठ उभा, मानेच्या जागी खळगा. चुऱ्याखाली सात बाहुल्या गेल्या, त्यात दशावताराच्या संचातला वामन. ढलप्या पातळ, पापुद्र्यासारख्या, गाभ्यातून बाहेर उडालेल्या; ही वाफेची सही. भट्टी निवताना तडा गेला असता तर तो एका रेषेत, धारदार गेला असता.
गिऱ्हाइकाचा फोन. “डोकंच गेलंय ना? मग फेविकॉलनं चिकटवा की.”
अक्का फोन ठेवते आणि एक ढलपी बादलीत टाकते. बघता बघता तिचा चिखल होतो. माती साडेचारशे-सहाशे अंशांच्या टप्प्यातून जाईपर्यंत पक्की होत नाही, त्याआधी पाण्यात घातली की पुन्हा गारा. मग धडही फोडून बादलीत. दुपारी मुलगा गिरणीतून तुसाचं पोतं आणतो.

नव्या घोड्याची मान आतून पोकळ आहे आणि तोंड दात विचकून सताड उघडं. गिऱ्हाईक म्हणालं, आधीच्यापेक्षा हा जास्त रागीट दिसतो. अक्कानं हो म्हटलं आणि पूर्ण पैसे मागितले.