नळ आला आणि हौद गेला

जालना जिल्ह्यात पाण्याच्या पाईपलाईनचा विषय निघाला की दोनच प्रश्न विचारले जातात. शहराला पाणी किती दिवसांआड येणार? आणि गावातलं 'हर घर जल'चं काम कधी पुरं होणार? तिसरा प्रश्न सहसा निघत नाही, कारण तो ज्याच्यासाठी विचारायचा त्याला मत नसतं. माळावर चरायला गेलेल्या जनावरानं पाणी कुठं प्यायचं?

हा प्रश्न नवा नाही. आपल्याच गावानं त्याचं उत्तर एकदा दिलं होतं.

शहराच्या पश्चिमेचा मोती तलाव सगळ्यांना माहीत आहे. तो जमशेदखानानं बांधला. त्यानं नुसता तलाव बांधून सोडला नाही, तर तिथून जमिनीखालून नळ टाकून पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. त्यातला सगळ्यात मोठा हौद सराईच्या चौकात होता. सराई म्हणजे काय? व्यापारी, वाटसरू आणि त्यांचे बैल, घोडे, उंट एकाच ठिकाणी मुक्कामाला उतरायची जागा. 'जालना सोने का पालना' म्हणतात, पण ते सोनं आलं जनावरांच्या पाठीवरून. माझ्या मते सराईतला हौद मोठा असण्यामागं हा साधा हिशोब होता.

गावागावांतही तेच होतं. मोटेचं पाणी थारोळ्यात पडायचं, पाटानं पुढं जायचं आणि वाटेत जनावरांचा हौद भरायचा. कुणी त्याला हाळ म्हणतं, कुणी डोण. विहीर बांधणाऱ्यानं हाळ बांधायचाच, हे कुणी कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण पाळलं जायचं.

मग 1972 चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, बोअर घेणाऱ्या गाड्या गावात आल्या, हातपंप बसले. हातपंपानं माणसं जगवली, यात शंका नाही. पण त्याची तोटी घागरीच्या मापाची, तिच्याखाली बैलाचं तोंड बसत नाही. पुढं नळयोजना आल्या, त्याही उंबऱ्यापर्यंतच. हौद कुणी मुद्दाम पाडला नाही, तो फक्त आराखड्यात उरला नाही.

ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या केंद्राच्या जुन्या योजनेत माणशी रोज 40 लिटरचं माप होतं. वाळवंट विकास कार्यक्रमातल्या भागात त्यावर जनावरांसाठी आणखी 30 लिटर धरले जायचे. म्हणजे दिल्लीला जनावराची तहान माहीत होती! पण त्या कार्यक्रमात महाराष्ट्राचा एकही जिल्हा नव्हता. आपण 'अवर्षणप्रवण', 'वाळवंट' नव्हे. त्या एका शब्दापायी आपली जनावरं हिशोबातून गळाली.

2019 ला जल जीवन मिशन आलं आणि माप माणशी 55 लिटर झालं. आता घरचा हिशोब करा. पाच माणसांचं कुटुंब, म्हणजे 275 लिटर. दारात दोन बैल आणि एक म्हैस. उन्हाळ्यात बैलाला चाळीसेक लिटर लागतं, दुभत्या म्हशीला साठ लिटरच्या पुढं. झाले 140 लिटर, म्हणजे माणसांच्या वाट्याच्या निम्मे. हे पाणी योजनेत नाही, पण जनावर तर पिणारच. मग ते जातं त्याच नळातून, बादलीनं, बहुतेक घरात बाईच्या हातानं. आणि नंतर आपणच म्हणतो, 'नळाला पाणी पुरत नाही.'

सरकारला जनावरं दिसतच नाहीत, असंही नाही. 2012-13 च्या दुष्काळात जालना सगळ्यात होरपळलेल्या जिल्ह्यांत होता, तेव्हा चारा छावण्यांची चर्चा झाली. 2019 च्या उन्हाळ्यात टँकर देताना 2018 ची लोकसंख्या आणि जनावरांची संख्या लक्षात घ्या, अशा सूचना निघाल्या. पण हे सगळं दुष्काळ जाहीर झाल्यावर. जे वर्ष जाहीर होत नाही, त्या वर्षीही एप्रिल-मे येतोच की! भोकरदन-जाफराबादकडच्या डोंगरउतारावर काय किंवा अंबड-घनसावंगीच्या गायरानात काय, ओढे-नाले कोरडे पडले की गुराखी आणि मेंढपाळ पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालतात. दूध आटतं, जनावर खंगतं आणि बाजारात कवडीमोलानं जातं.

दुसरीकडं काय केलं, तेही बघू. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात विमेरा-माली नावाचा कोरडा भाग आहे. तिथं शेतं आणि गुराढोरांसाठी सतरा हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे उघडे पाट होते. बहुतेक पाणी झिरपून आणि वाफ होऊन जायचं. 2010 पर्यंत त्यांच्या जागी सुमारे 8,800 किलोमीटर पाईप टाकले. तिथं पाईपचा आराखडा करतानाच गुरांचं पाणी धरलेलं होतं.

आपल्याला एवढं मोठं काही नको. शंभर मोठी जनावरं धरा, प्रत्येकी 50 लिटर, रोजचे 5,000 लिटर. हे पाणी चोवीस तास हळूहळू सोडलं तर मिनिटाला साडेतीन लिटरच लागतं. त्याला शेतात वापरतो तसला बारीक काळा पाईप पुरतो. चढ नसला तर मोटारही नको. माळावर एक दिवसाचं पाणी मावेल असा सिमेंटचा हौद आणि टाकीला असतो तसला बॉल कॉक. हौद भरला की पाणी आपोआप बंद.

आता हमखास येणारा आक्षेप: 'माणसाला पाणी नाही अन् जनावराला कुठून देता?' माझं म्हणणं एवढंच, की जनावर आजही पितंच आहे. फक्त ते पाणी माणसाच्या नावावर खर्ची पडतं, म्हणून दोघांनाही कमी पडतं. आधी मोजा, मग उद्भव पुरतो की नाही ते खरं कळेल. नाही पुरला तर तेही आराखड्यात लिहा.

येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. पशुगणनेतला आपल्या गावाचा आकडा वाचून दाखवा म्हणा. पाण्याच्या आराखड्यात माणसांच्या रकान्याशेजारी जनावरांचा रकाना घ्यायला लावा. आणि गायरानाच्या वाटेवर एका हौदाचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी 'बघू' वर उठू नका.

ज्यांच्या गावात जुना हाळ अजून शाबूत आहे, त्यांनी खाली गावाचं नाव लिहा. तो कशानं भरायचा आणि कधी बंद पडला, तेही सांगा. यादी करू.