श्रमाचे इंधन : एक पौंड धान्यापासून पेप्टाइडच्या डब्यापर्यंत



वैद्यकाची वा रसायनशास्त्राची पदवी मजजवळ नाही. यंत्रमाग आणि विडी कामगारांत वावरण्यात उमेदीची वर्षे गेली; जे थोडेफार वाचले, ते वाचनालयाच्या बाकावर बसून. तरीही आज आहारशास्त्राच्या इतिहासावर बोलण्याचे धाडस करतो आहे, त्यास एक निमित्त घडले. आमच्या वस्तीतला एक तरुण यंत्रमाग कामगार हातात भुकटीचा डबा घेऊन मजकडे आला. "काका, यात पेप्टाइड आहेत म्हणे. व्यायाम करताना चरबी जळते अन् ताकद राहते. घेऊ का?" डब्याची किंमत त्याच्या आठवड्याच्या मजुरीइतकी होती. मी विचारले, "दुपारी काय खातोस?" तो म्हणाला, "चहा अन् दोन पाव."

राबणाऱ्या शरीरात नेमके जळते काय? हा प्रश्न फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे मत असे होते की, स्नायू काम करताना स्वतःचीच प्रथिने जाळतो. सबब मजुराला मांस हवे. १८६० साली म्यूनिक येथे फोइट याने एका कुत्र्यास चाकात पळवून पाहिले. लघवीतून जाणारा नायट्रोजन, म्हणजे जळालेल्या प्रथिनांची राख, पळाल्याने फारशी वाढली नाही. पुढे ऑगस्ट १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधील फाऊलहॉर्न शिखर चढले. चढण १९५६ मीटरची. प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य करून त्यांनी चरबीत तळलेल्या पिठाच्या वड्या खाल्ल्या. पुढल्या वर्षी फ्रँकलंड याने हिशेब पुरा केला. जळालेल्या प्रथिनांतून चढणीच्या निम्म्या कामाचीही ऊर्जा निघत नव्हती! डोंगर चढला तो पीठ आणि चरबी यांच्या बळावर.

श्रोतेहो, या शोधाला पुरती बारा वर्षेही झाली नव्हती, तोच तो प्रश्न आपल्या मुलखात येऊन उभा राहिला. १८७६-७७ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील अत्यंत पोळलेल्या जिल्ह्यांपैकी सोलापूर एक होता. आपला आष्टीचा तलाव याच दुष्काळात हाती घेतलेले काम होय. जानेवारी १८७७ मध्ये लॉर्ड लिटनने सर रिचर्ड टेंपल यास पाहणीवर धाडले. काटकसर हा त्याचा मंत्र. खडी फोडणाऱ्या पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड पुरे, असे माप मद्रास इलाख्यात लागू झाले. मुंबई इलाख्यातही मजुरी कापली गेली. तेव्हा हजारो उपाशी मजुरांनी कामावर जाण्याचे नाकारले. संघटना नाही, वर्गणी नाही, पण तो संपच होता! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही या मापावर कडाडून टीका केली आणि प्रथिनांच्या कमतरतेकडे बोट दाखवले. मे १८७७ मध्ये मद्रास सरकारला माप वाढवावे लागले.

आजच्या ज्ञानाने तो एक पौंड तोलून पाहू. ४५४ ग्रॅम ज्वारीत सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने असतात. प्रौढ पुरुषाच्या गरजेच्या ती अगदीच खाली नव्हेत. उष्मांक मात्र जेमतेम १६००. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे जड काम करणाऱ्या पुरुषास सुमारे ३४७० हवेत. म्हणजे मोठी तूट चुलीतल्या सरपणाची होती. आणि सरपण संपले की शरीर घराचे वासे जाळू लागते. खाल्लेली प्रथिने तर जळतातच, पण अंगावरचा स्नायूही जळतो. अशा माणसाला नुसती प्रथिने चारणे म्हणजे सागवानाने चूल पेटवणे होय.

मग चरबी केव्हा जळते? १९२० साली क्रोग आणि लिंडहार्ड यांनी, व १९३९ साली ख्रिस्टेनसेन आणि हॅनसेन यांनी माणसांना सायकलीसारख्या यंत्रावर राबवून श्वासाचे मोजमाप केले. संथ आणि लांबलेल्या कामात चरबीचा वाटा वाढतो. झटक्याच्या जड कामात साखरेचा. प्रथिनांचा वाटा दोन्हीकडे थोडाच.

सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या बाजारात खिलारी जोडी पाहणारा शेतकरी म्हणेल, "मग आम्ही बैलाला पेंड घालतो ती का?" घालावीच. पण बैलाच्या पोटात आधी सूक्ष्म जंतूंची पंगत बसते. पेंडीतली बरीचशी प्रथिने ते फोडतात, कडबा आंबवून त्याची आम्ले करतात, आणि नांगर ओढला जातो तो बव्हंशी त्या आम्लांच्या बळावर. पेंड कडब्याला जोड आहे, कडब्याची जागा ती घेत नाही.

हीच गोष्ट माणसांविषयी जगाला ऐकवणारा एक शास्त्रज्ञ आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावचा. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११. राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९६८ साली राष्ट्रसंघाचाच अहवाल 'प्रथिनांचे संकट' म्हणून ओरडत होता. सुखात्म्यांनी आकडे मांडून दाखवले की, भारतीय माणसाला त्याचे नेहमीचे जेवण पोटभर मिळाले तर प्रथिने बहुधा आपोआप पुरतात. उणीव आहे ती पोटभर मिळण्याची. पुढे शरीर कमी उष्मांकांशी जुळवून घेते असेही ते म्हणू लागले, तेव्हा प्रा. वि. म. दांडेकर यांनी त्यांना विरोध केला. त्या वादात मी दांडेकरांच्या बाजूचा. मजुराचे पोट आखडते म्हणून माप आखडावे, हे मला टेंपलसाहेबाच्या फार जवळचे वाटते.

राहता राहिला तो डबा. पेप्टाइड म्हणजे प्रथिनांच्या साखळीचे तुटलेले लहान तुकडे. डाळ खाल्ली तरी आपले आतडे हेच तुकडे पाडते; भुकटीत ते काम आधी उरकलेले असते, इतकेच. व्यायाम करणाऱ्या उंदरांना सोयाबीनचे आणि दुधाचे पेप्टाइड देऊन चरबीचे ज्वलन मोजण्याचे प्रयोग झाले आहेत, काहींत ते वाढलेलेही दिसले. शोध चालू राहावा. परंतु पिंजऱ्यातल्या उंदराला पोटभर दाणा मिळत असतो; आमच्या कामगाराला दोन पाव!

मी त्या मुलाला म्हटले, "आधी दुपारची भाकरी सुरू कर. ज्वारीत जे प्रथिन उणे आहे, ते तुरीच्या आमटीने भरून निघते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ निम्मे तेल. महिनाभर हे कर, मग डब्याचे बोलू." तो हसला आणि म्हणाला, "काका, बारा तासांच्या पाळीत जेवायला सुट्टी कुठंय?"

भगिनींनो आणि बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते तुम्हांआम्हांलाच द्यायचे आहे.